कोबो आबेंनी नुसते हक्क दिले नव्हते

'वूमन इन द ड्यून्स' या जपानी चित्रपटाचा विषय निघाला की हे हमखास ऐकवलं जातं: कोबो आबे मुळात कादंबरीकार, पुस्तक गाजल्यावर सिनेमाकडे वळले, पडद्यावरची करामत दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारांची, आबेंनी फक्त हक्क दिले. दोघांचे चारही चित्रपट आबेंच्या कादंबऱ्यांवरचे, पुस्तकच तर पडद्यावर उतरवायचं होतं, आणि चौथ्यानंतर आबे कादंबरीकडेच परतले, असंही.

आधी क्रम बघा. कादंबरी १९६२ची. तुरुंगातल्या युद्धगुन्हेगारांच्या रोजनिशांवर बेतलेली 'द थिक-वॉल्ड रूम'ची पटकथा आबेंनी दिग्दर्शक मासाकी कोबायाशींसाठी लिहिली ती कितीतरी आधी. चित्रपट १९५३मध्ये तयार झाला. शोचिकू या चित्रपट कंपनीने तो दाबून ठेवला आणि १९५६मध्ये कुठे प्रदर्शित केला.

तेशिगाहारांबरोबरचे चारही चित्रपट कादंबऱ्यांवरचे, हेही खरं नाही. पहिला 'पिटफॉल' (१९६२) आबेंच्याच टीव्ही नाटकावरून आला. उरलेले तीन कादंबऱ्यांवरचे. पटकथा मात्र चारही आबेंच्याच.

आता 'पुस्तकच तर पडद्यावर उतरवायचं होतं' हा मुद्दा. 'द फेस ऑफ अनदर' (कादंबरी १९६४, चित्रपट १९६६) शेजारी ठेवून पाहा. चेहरा भाजलेल्या माणसाने बायकोला उद्देशून लिहिलेल्या तीन वह्या, म्हणजे ती कादंबरी. मुखवटाही तो स्वतःच घडवतो. असं पान पान भरून चाललेलं आत्मचिंतन कॅमेऱ्यासमोर कसं मांडणार? सतत निवेदन लावलं तर चित्र नुसतं मागे फिरत राहतं. आबेंनी मुखवटा घडवण्याचं काम एका मानसोपचारतज्ज्ञाकडे दिलं. त्यामुळे नायकाला वाद घालायला समोर कुणीतरी मिळालं आणि वह्यांमधले विचार संवादात आले. पुस्तकात नायक चेहऱ्यावर व्रण असलेल्या मुलीचा एक सिनेमा पाहिल्याचं सांगतो. पटकथेत तीच मुलगी समांतर कथानक होऊन मधूनमधून येते. ही कात्री नव्हे, नवी बांधणी आहे.

'ड्यून्स'मध्येही तेच. कादंबरी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते की माणूस बेपत्ता झाला आणि सात वर्षं सापडला नाही. चित्रपट ही माहिती शेवटच्या सरकारी कागदापर्यंत राखून ठेवतो.

वाळूचे कण आणि त्वचा इतक्या जवळून दिसतात, ते श्रेय अर्थातच तेशिगाहारा आणि छायाचित्रकार हिरोशी सेगावांचं. तोरू ताकेमित्सूंचं संगीतही विसरू नये. त्याबद्दल वाद नाही.

राहिलं 'चौथ्या चित्रपटानंतर आबे कादंबरीकडेच परतले' हे. त्याआधीच, १९६७मध्ये, त्यांच्या 'फ्रेंड्स' या नाटकाला तानिझाकी हे साहित्य पारितोषिक मिळालं होतं. १९७३मध्ये त्यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढली, नट घडवले, दिग्दर्शन केलं. १९७९मध्ये तिचे प्रयोग अमेरिकेत झाले.