थंड आणि कोरड्या जागी ठेवावे म्हणे!

“वापरात नसताना दुर्बीण थंड व कोरड्या जागी ठेवावी,” असे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापणाऱ्या माणसाला एकदा जुलै महिन्यात रत्नागिरीला आणून सोडावे आणि ‘ती जागा कुठे आहे ते दाखव’ म्हणावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मृगापासून हस्तापर्यंत इथे कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव उगवते, मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तळलेला पापड पानात वाढेपर्यंत सादळतो आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा ओला लागतो. पुस्तिका छापणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तेही एक वेळ समजून घेता येईल. पण कोकणातला पत्ता स्वतःच्या हाताने खोक्यावर लिहिणाऱ्या विक्रेत्याला, “गच्चीवर ठेवली तर काय काळजी घ्यायची?” या साध्या प्रश्नावर “सर, कव्हर घ्या” यापलीकडे एक शब्दही सुचू नये, याचा मला मनस्वी संताप येतो.

त्याआधी “पण बाहेर ठेवताच कशाला?” असे विचारणाऱ्यांचा समाचार घेतो, कारण हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आपण पहिल्यांदाच विचारत आहोत अशा थाटात विचारतो. दहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे दहा इंच रुंद आरशाची आणि फिरत्या बैठकीवर ठेवायची दुर्बीण, ही हातात धरून खिडकीतून चंद्र बघण्याची वस्तू नव्हे. नळी आणि बैठक मिळून तिचे वजन तीस किलोच्या घरात जाते, आमच्या जिन्याला अरुंद वळण आहे, आणि सव्वा मीटर लांबीची नळी त्या वळणावरून भिंतीला न घासता रोज वर नेणे व मध्यरात्री पुन्हा खाली आणणे हे ज्याला सोपे वाटते त्याने खुशाल येऊन करून दाखवावे. शिवाय तिचा आरसा म्हणजे चांगली जाड काच असते, आणि ती बाहेरच्या हवेच्या तापमानाला येईपर्यंत प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरत राहते. आणि “एसीच्या खोलीत ठेवा, तिथली हवा कोरडी असते,” असे सुचवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. बाहेर 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे सव्वापंचवीस अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमणारच. तिथे 24 अंशांच्या खोलीतला आरसा आणून उघडला की डोळा लावण्याआधीच तो पांढरा धुरकट होतो. म्हणजे दुर्बीण बाहेरच्या हवेत राहणे हेच मुळात योग्य आहे, आणि तिला तिथे नीट राहता यावे यासाठीच तर मी मदत मागत होतो.

आता त्या कव्हरविषयी. गावातले काका, पुण्याचे भावोजी, शेजारचे निवृत्त गुरुजी, दुकानदार, झाडून सगळ्यांचा सल्ला एकच: “गच्च झाकून ठेव.” जणू आकाशातून पडणारे पाणी हाच काय तो शत्रू! पावसाचे पाणी अडवणे ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. ते काम पाचशे रुपयांची ताडपत्रीही करते. खरा शत्रू हवेतली वाफ आहे, आणि ती गच्च झाकण्याने अडत नाही, उलट आत कोंडली जाते. दुपारी उन्हाने कव्हर तापते, भिजलेल्या स्लॅबमधला ओलावा वाफ होऊन वर येतो आणि वाट न मिळाल्याने आतच साचतो. रात्र झाली की मोकळ्या आकाशाखालचे ते कापड आपली उष्णता वर सोडून देते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड पडते, कारण निरभ्र आकाशासमोर उघडी असलेली प्रत्येक वस्तू तेच करते. मग आतली वाफ कव्हरच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबाने जमते आणि थेंब जड झाले की खाली ओघळतात, कुठे, तर थेट दुर्बिणीवर. पहाटे चंदेरी, ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ कव्हरची कड उचलून पाहा: बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत, आतली बाजू कढईवरच्या झाकणासारखी घामेजलेली, आणि डोळ्याकडचे भिंग पुढेमागे सरकवणाऱ्या फोकसरच्या चकचकीत दांड्यावर ओळीने थेंब. रात्री पाऊस पडलेलाच नसतो! त्या कव्हरला वारा खेळायला एकही झडप नसते, खालून दोरीने आवळण्याची सोय मात्र न चुकता दिलेली असते. अशा पिशवीचे पैसे घेताना ‘संरक्षण’ हा शब्द वापरायला यांची जीभ कशी रेटते, हे मला खरोखरच कळत नाही.

तक्रार केली की पुढचा तोडगा तयार असतो: “आत सिलिका जेलची पुडी टाका.” साधा हिशेब करा. 30 अंशांच्या, 85 टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. दहा इंची दुर्बिणीच्या नळीत त्या हवेचा जेमतेम तेरावा-चौदावा हिस्सा मावतो, म्हणजे पाणी फार तर दोन ग्रॅम. नळी डबाबंद असती, तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पाणी पिणारी दहा ग्रॅमची पुडी एकदाच ठेवून काम भागले असते. पण नळी डबाबंद नसते. दिवसा तापली की तिच्यातली हवा प्रसरण पावून फटींतून बाहेर जाते आणि रात्री निवली की तितकीच दमट हवा पुन्हा आत ओढली जाते. हे श्वासोच्छ्वास रोज चालू असतात. समुद्र प्राशन करायला अगस्ती ऋषी लागले होते, आणि हे लोक तीच अपेक्षा एका कागदी पुडीकडून करतात! नेत्रिकांसाठी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांसाठी, घट्ट झाकणाच्या डब्यात, दाणे केशरीचे हिरवे झाले की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचे असतील तर सिलिका जेल उत्तमच आहे. उघड्या गच्चीवरच्या नळीत ती टाकणे हा केवळ मनाला दिलासा देण्याचा प्रकार झाला.

दिलासा किती महाग पडतो ते बुरशी दाखवते. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली, अंधार असला आणि हवा हलली नाही, की काचेवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर तिला जगता येते. गच्च बांधलेले कव्हर या तिन्ही गोष्टी तिला फुकट पुरवते. टॉर्च तिरका धरून पाहिले, तर धुळीच्या एका कणापासून निघालेले केसाहून बारीक धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसतात. ते पुसून टाकता येतात, पण बुरशीने सोडलेल्या आम्लाने लेपावर कोरलेली नक्षी पुसता येत नाही. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढा असतो, आणि समुद्रकाठी त्याच्यामागे खारा वाराही लागलेला असतो. वाऱ्याबरोबर येऊन बसलेला मिठाचा कण आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतो, आणि मग काचेवर खाऱ्या पाण्याचा थेंब तयार होतो. वरच्या संरक्षक लेपात सुईच्या टोकाएवढे छिद्र जरी असले, तरी तिथून ॲल्युमिनियम खाल्ले जायला सुरुवात होते. याविषयी विक्रेत्याला विचारले, तर उत्तर येते की बुरशी आणि गंज वॉरंटीत बसत नाहीत. बरोबर आहे! जे शंभर टक्के घडणार हे ठाऊक आहे, ते वॉरंटीत कोण बसवील?

पण या सगळ्यावर कडी करते ती बैठक. दुर्बिणीची बैठक, म्हणजे ज्या वस्तूवर हा सगळा संसार फिरायचा ती वस्तू, बनवतात कशाची, तर लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची! वरून काळ्या लॅमिनेटचा मुखवटा, कडांना चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी, आणि जिथे स्क्रू जातात तिथे उघडा भुसा. पहिल्याच दमट ऋतूत पट्टीचे टोक सुटते, कड पाणी पिते, फुगते, आणि मग स्क्रू धरायला आत काहीच उरत नाही. तळाची चकती एका बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर फुगली तरी टेफ्लॉनच्या गुट्ट्यांवरचे फिरणे अडखळू लागते आणि शनी दृष्टिक्षेत्रात राहण्याऐवजी धक्क्याधक्क्याने निसटतो. आमच्या आळीतल्या सुताराने ती फळी नखाने खरवडून पाहिली आणि “साहेब, हे स्वयंपाकघराच्या ट्रॉलीलासुद्धा कोण वापरीत नाही” असे म्हणून हसला. त्याला जे अर्ध्या मिनिटात कळले, ते हजारो दुर्बिणी विकणाऱ्या कारखान्यांना इतक्या वर्षांत कळलेले नाही, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही. त्यांना कळते, त्यांना परवडते म्हणून ते तसे करतात.

यावर एक जुना, खात्रीचा उपाय आहे: ऊब. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा केवळ पाच अंशांनी तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढेच असते, पण दव जमत नाही आणि बुरशीलाही मोकळे रान मिळत नाही. म्हणून तर कोकणात कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवण्याची पद्धत होती. तसा पंधरा वॅटचा ‘झिरो’चा बल्ब आता बाजारात शोधून दाखवा. दुकानदार कौतुकाने एलईडी पुढे करतो आणि “हा अजिबात गरम होत नाही” म्हणून सांगतो. अहो, तोच तर त्याचा दोष आहे! शेवटी वायरीत रेझिस्टर, म्हणजे वीज गेली की तापणारे छोटे तुकडे, ओवून, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी गरम पट्टी स्वतः तयार करावी लागते, आणि नेमक्या वादळी रात्री लाईट जाऊन बॅटरीचा चार्जर बंद पडतो.

“मग मोठ्या वेधशाळा काय करतात?” असेही कोणी तरी हुशारीने विचारतेच. मोठ्या वेधशाळा लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर जाऊन बसतात, कारण तिथली हवा कोरडी आहे. पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीची, आयुका या खगोलशास्त्र संस्थेची, दोन मीटर रुंद आरशाची दुर्बीण घुमटाखाली, तज्ज्ञांच्या देखरेखीत असूनही पावसाळ्यात निरीक्षणे करीत नाही. त्यांना जे जमत नाही ते मी एका चंदेरी पिशवीत आणि दहा ग्रॅमच्या पुडीत जमवावे, अशी अपेक्षा आहे. आणि वाळवंटात राहून ‘माझी दुर्बीण वर्षभर बाहेरच असते’ असे छातीठोकपणे सांगणारे परदेशी व्हिडिओ मला कृपया कोणी पाठवू नयेत. तिथे आर्द्रता वीस टक्के असते. तिथे दुर्बीण काय, पापडाचा डबासुद्धा उघडा राहू शकतो.

वाफेला वाट ठेवणे, एवढेच या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते विकणारा कोणीही सांगत नाही म्हणून मी सांगतो. बैठक स्लॅबपासून वीतभर उचललेली हवी, म्हणजे खालून वारा जाईल. नळी आडवी, तोंडाकडे किंचित उतरती ठेवावी. उभी ठेवली की जे काही पडेल ते तळाच्या आरशावर जाऊन बसते. अंगावर सुती कापडाचा सैल अभ्रा, त्याच्यावर हातभर अंतर सोडून पांढरे छप्पर, आणि बाजू मोकळ्या. नुसता पत्रा घालू नये, कारण पहाटे पत्र्यालाही आतून घाम येतो आणि तो टपटप गळतो. त्याच्या खालच्या अंगाला थर्माकोलची किंवा फोमची पाटी लागते. प्रत्येक भोकाला बारीक जाळी हवी, नाही तर फोकसरच्या नळीत कुंभारीण मातीचे घर बांधते आणि आरशामागे पाल अंडी घालते. जूनच्या आधी, आगोटीची बाकी कामे उरकतानाच, आरसा काढून घरात उबेच्या पेटीत न्यावा, आणि वळवाचा भरवसा नसल्याने मे महिन्याच्या मध्यालाच ते करावे. एवढे सगळे करून वृश्चिकेच्या सीमेजवळचे, धनू राशीतले आकाशगंगेचे केंद्र संध्याकाळी नेमके डोक्याच्या दक्षिणेला येते ते जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांच्या मागे, हा भाग वेगळा. त्याचा राग कोणावर काढावा हे मला अजून सापडलेले नाही.

दुर्बिणी विकणाऱ्यांवर मात्र काढता येतो. भारतात माल विकायचा असेल तर बैठकीला मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लायवुड, घाला, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे द्या, कव्हरला दोन बाजूंना जाळीच्या झडपा शिवा, आरशामागे बसणारी चार-पाच वॅटची गरम पट्टी सुट्या भागांत ठेवा आणि दमट हवेत काय करायचे याचे एक पान मराठीत छापा. त्यासाठी पाच हजार रुपये जास्त मागितलेत तरी देईन. तोवर ती जुनी बैठक मी सुताराकडे माप घ्यायला दिली आहे, आणि त्याचे बिल विक्रेत्याच्या पत्त्यावर पाठवणार आहे.