पाण्यात तलवार विझते आणि विष तसंच राहतं?

रविवारपासून डोकं फिरलंय माझं, अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही पाच जण मालवणात डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट रचत जायची आणि वार लागला की नाही ते डाइस टाकून ठरवायचं. खेळतो म्हणजे जमतं ते पावसाळ्यातच, कारण आमच्यातल्या एकाच्या घरचा ट्रॉलर आहे आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच तो मोकळा सापडतो. वर्षाला आठ-नऊ रविवार, बस. बाहेर धो धो पाऊस, पडवीत चटई टाकायची, लाईट गेले की मोबाईलचा टॉर्च लावून डाइस बघायचे. त्यातला एक अख्खा रविवार डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि राक्षस-बॉस खेळवणाऱ्या गड्याने, नासवला.

गेल्या पावसाळ्यापासून वाट बघून बघून माझ्या फायटरला, म्हणजे माझ्या लढवय्या पात्राला, फ्लेम टंग ही जादूची तलवार मिळाली. नियम काय आहे? बोनस ॲक्शन (आपल्या पाळीतली छोटी जादा कृती) घेऊन कमांड वर्ड बोललं की पातं पेटतं आणि मग लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन डाइसइतकं, फायर डॅमेज जास्तीचं. विझते कधी तेही तिथेच लिहिलंय, परत बोनस ॲक्शन घेऊन तो शब्द बोललात तर, तलवार हातातून टाकलीत तर, नाहीतर म्यान केलीत तर. यात पाणी कुठेच नाही. मी पन्नास वेळा वाचलंय ते.

तर लढाई होती समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाखाली, पूर्ण पाण्यात. मी मुद्दाम होडीतच शब्द बोलून घेतला आणि पेटलेली तलवार घेऊन उडी मारली. पाण्याखाली लाँगसोर्डने मारायचं तर डिसॲडव्हांटेज (दोन डाइस टाकून कमी आकडा धरायचा), पोहण्याचा स्पीड नाही माझ्या फायटरला, ते मी एका शब्दाने कुरकुर न करता घेतलं. दोन डाइस टाकले, १७ आणि १४, दोन्ही लागतात. तलवारीचे ८, आगीचे ११. पाण्यात पूर्ण बुडालेल्याला आगीचा रेझिस्टन्स असतो म्हणून ११ चे अर्धे, खालचा आकडा धरायचा, ५. हे पण मीच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी!

डीएम म्हणतो, "पाण्यात खय आग पेटता गो?" आणि आगीचं सगळं डॅमेज शून्य.

अरे, पाण्यात आग विझतच असती तर पुस्तकात अर्धं डॅमेज कशाला लिहिलं असतं? अर्धं कशाचं, विझलेल्या आगीचं? २०१४ च्या पुस्तकात तेच आहे, २०२४ च्या पुस्तकातही तेच आहे. ट्रॉलरवाला पण बोलला की आमच्या बोटीवरचा लाल फ्लेअर पाण्यात बुचकळला तरी लगेच विझत नाही, ही तर जादूची तलवार आहे. पण नाही. "लॉजिक बघ जरा." लॉजिक! नुसता शब्द बोलल्यावर पेटणाऱ्या लोखंडाला लॉजिक लावायचं.

आणि बॉस किती हिटपॉइंटवर (शून्य झाले की मेला) उरला होता माहितीये? ४. माझे ५ धरले असते तर तिथेच मेला असता.

एवढंही मी गिळलं असतं, खरंच, शेवटचा शब्द डीएमचा हे मला मान्य आहे. पण पुढच्या टर्नला बॉसने डॅगर ऑफ व्हेनम हा जादूचा विषारी सुरा काढला आणि आमच्या क्लेरिकला (जखमा बऱ्या करणारं पात्र) खुपसला. विष लावलेलं, समुद्राच्या पाण्यात, आणि ते धुऊन गेलं नाही. तेव्हा लॉजिक कुठे गेलं? क्लेरिकचा १५ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (विष सोसायचा डाइस, १५ तरी यायला हवेत) फेल, २डी१० विषाचं डॅमेज, पोरगा बेशुद्ध. बरं, तेही नियमात बसतं, नियमात विष पाण्यात धुतलं जातं असं लिहिलेलं नाही, मी मानते. मग त्याच्या पुढच्या टर्नला तोच सुरा, तेच विष, या वेळी मला! ते विष एक मिनिट टिकतं किंवा कुणाला तरी एकदा वार लागेपर्यंत, एकदा लागलं की संपलं, पुढची पहाट झाल्याशिवाय परत लावता येत नाही. मी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "रवांदे आता, खेळ थांबता."

म्हणजे माझ्या तलवारीला जे लिहिलंय ते पण मिळत नाही आणि त्याच्या सुऱ्याला जे लिहिलेलं नाही ते पण मिळतं. तुला पाण्यात आग नकोय ना, मग मी होडीतून उडी मारतेय तेव्हाच सांग की बाबा, मी भाला घेतला असता, भाल्याला पाण्याखाली डिसॲडव्हांटेजपण नाही. डाइस पडल्यावर, आकडे मोजून झाल्यावर, बॉस मरतोय दिसल्यावर नियम बदलायचा ही शुद्ध चीटिंग आहे आणि हे मी त्याच्या तोंडावर बोललेय.

येत्या रविवारी दोन्ही पानांच्या झेरॉक्स घेऊन जाणार. माझ्या अंगावरचं दुसऱ्या वाराचं विष काढायचं आणि ते ५ डॅमेज द्यायचं, त्याआधी मी डाइसला हात लावणार नाही.