क्रेसिडा डिक दोषी ठरल्या नव्हत्या. दोषी ठरले ते लंडनचे पोलीस दल

निरपराध ब्राझिली तरुणाला ठार मारण्याचा आदेश क्रेसिडा डिक यांनी दिला, न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, तरीही त्या लंडनच्या पोलीस आयुक्त झाल्या आणि अखेर महापौरांनी त्यांना बडतर्फ केले, असा मजकूर वारंवार फिरत असतो. त्यामागचा संताप मला समजतो, पण त्यातली मुख्य विधाने खरी नाहीत.

पहिला मुद्दा आदेशाचा. 22 जुलै 2005 रोजी, म्हणजे लंडनमधला बॉम्बस्फोटांचा प्रयत्न फसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 27 वर्षांचे ब्राझिली इलेक्ट्रिशियन ज्याँ शार्ल्स द मेनेझिस घराबाहेर पडले. त्या प्रयत्नातल्या संशयितासाठी पोलिसांनी इमारतीवर पाळत ठेवली होती. त्याच क्षणी पाळतीवरचा माणूस लघवीला गेला होता, त्यामुळे मेनेझिस यांचे चित्रण झाले नाही आणि ते संशयित आहेत की नाहीत याची खात्री कोणीच करू शकले नाही. स्टॉकवेल या भुयारी रेल्वे स्थानकात, गाडीच्या डब्यात, त्यांच्या डोक्यात सात गोळ्या झाडण्यात आल्या. डिक त्या वेळी नियंत्रण कक्षातून कारवाईची सूत्रे हलवत होत्या. आपण त्यांना रोखण्यास सांगितले होते, अशी साक्ष त्यांनी शपथेवर दिली आणि ठार मारण्याचा आदेश त्यांनी दिल्याचे कोणत्याही सुनावणीत सिद्ध झालेले नाही.

खटला 2007 मध्ये चालला, तो डिक यांच्यावर नव्हे, तर पोलीस दलावर. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या कायद्याखाली दल दोषी ठरले, त्याला 1,75,000 पौंड दंड झाला आणि डिक यांच्यावर वैयक्तिक दोष येत नाही, असे ज्यूरीने आवर्जून नोंदवले. संपूर्ण दलाचा गुन्हा एका बाईच्या माथी मारला की दल मोकळे सुटते, हीच या मजकुराची सर्वांत मोठी हानी आहे. खटल्याआधीच, 2006 मध्ये, डिक यांना मिळालेल्या बढतीबद्दल मेनेझिस कुटुंबाने व्यक्त केलेला रोष मात्र अगदी रास्त होता.

बडतर्फीचे म्हणाल, तर महापौर सादिक खान यांचा विश्वास उरला नसल्याने डिक यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये स्वतः राजीनामा जाहीर केला. गृहमंत्र्यांच्या मान्यतेविना आयुक्तांना काढण्याचा अधिकार महापौरांना नाही.

डिक यांना जाब विचारायचाच असेल, तर तो डॅनियल मॉर्गन प्रकरणी विचारावा. 1987 मध्ये कुऱ्हाडीने खून झालेल्या या खासगी गुप्तहेराच्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र समितीने जून 2021 मध्ये पोलीस दलावर संस्थात्मक भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला आणि कागदपत्रे मिळण्यात अडथळा आल्याबद्दल डिक यांनाही नाव घेऊन दोष दिला. संस्थात्मक भ्रष्टाचाराचा तो निष्कर्ष डिक यांनी स्वीकारला नाही.