दोन सामन्यांत नवी पोरं कशी ओळखावीत?

अमेरिकन फुटबॉलमध्ये ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्यातून, नवी पोरं संघात आली की त्यांची पारख ताबडतोब उरकून टाकावी. उशीर केला तर ती खेळून दाखवतात आणि मग आपल्याला काही कामच उरत नाही. हे शास्त्र मी ह्यूस्टनमध्ये आमच्या एका स्नेह्यांकडून शिकलो. जानेवारी 2024 मधली गोष्ट. सोमवारी ते तिळगूळ द्यायला आले आणि सोफ्यावर टेकता टेकता म्हणाले, "स्ट्राउडचं मी पहिल्यापासून सांगत होतो."

स्ट्राउड म्हणजे आमच्या ह्यूस्टनच्या टेक्सन्स संघाचा नवा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून चाल रचणारा. पहिल्यापासून! असो. तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवात ड्राफ्टच्या आधीच करा. 2022 च्या मोसमातला शेवटचा सामना टेक्सन्सनी कोल्ट्सशी 32-31 असा जिंकला आणि ड्राफ्टमधला पहिला क्रमांक हातचा घालवला, कारण तो सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला मिळतो. आपला संघ जिंकल्याचं सुतक पाळता आलं पाहिजे. स्नेह्यांनी पाळलं.

पोरगा कॉलेजात कसा खेळला ते बघू नका, मार्क बघा. स्ट्राउडला कुठल्याशा आकलन चाचणीत 18 पर्सेंटाइल पडल्याची बातमी फुटली होती. मार्कांच्या बाबतीत आपला हात कोण धरणार?

तिसऱ्या क्रमांकावर बचावपटू विल अँडरसन मिळावा म्हणून संघाने अ‍ॅरिझोनाला 12 वा आणि 33 वा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, दिला, वर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतलाही दिला. अशा वेळी "घर विकून गाडी घेतली" एवढं म्हणून सुस्कारा सोडावा.

दुसऱ्या फेरीतला सेंटर (क्वार्टरबॅकच्या पुढ्यातल्या भिंतीचा मधला गडी) ज्यूस स्क्रग्ज मोसमाच्या तोंडावरच जायबंदी झाला. त्याला नावावरूनच नापास करा.

आता मुख्य विधी. पहिला सामना बाल्टिमोरला, 25-9 असा हरलो. दुसरा घरच्या मैदानावर कोल्ट्सशी, तोही 31-20 असा हरलो. झालं! त्याच रात्री ग्रुपवर लिहायचं: "वाया गेला पोरगा. अजून एक वर्ष पाण्यात." क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभी राहणारी निम्मी भिंत दुखापतींनी घरी बसली होती, हे लिहायचं नाही. त्यामुळे दोन सामन्यांत तो 11 वेळा आडवा झाला, आणि तरी उठून दुसऱ्या सामन्यात त्याने 384 यार्ड फेकले, हेही नाही. त्याचं पहिलं इंटरसेप्शन थेट सहाव्या सामन्यात आलं, म्हणजे तोवर चुकीच्या हातात एकही चेंडू गेला नव्हता! पण हे बघायला सामना बघावा लागतो. स्नेही, तुम्ही स्वयंपाकघरात भजी संपवत होतात. 1998 साली पहिले दोन सामने जिंकणारा नवखा क्वार्टरबॅक पुढे साफ फसलेला रायन लीफ होता आणि त्याच मोसमात 28 इंटरसेप्शन देणारा पुढे दिग्गज ठरलेला पेटन मॅनिंग. तुमच्या हिशेबाने मॅनिंगला दिवाळीआधीच नारळ दिला असता!

5 नोव्हेंबरला टँपा बेविरुद्ध स्ट्राउडचे 470 यार्ड, पाच टचडाउन, शेवटचा सहा सेकंद उरले असताना टँक डेलला. तिसऱ्या फेरीतला, याच शहरातल्या विद्यापीठात खेळलेला डेल. 39-37 असा जिंकलो. त्या रात्री ग्रुप शांत. डिसेंबरात डेलचा पाय मोडला तेव्हा मात्र लगेच आलात: "एवढ्याशा अंगाचा कशाला घेतला?"

मागच्या मोसमात तीन सामने जिंकलेला संघ यंदा, 2023 च्या मोसमात, दहा जिंकला, परवा शनिवारी क्लीव्हलँडला 45-14 ने लोळवलं, आणि तुम्ही माझ्या घरी माझाच चहा पीत सांगता, पहिल्यापासून?

अहो, सप्टेंबरात तो पोरगा 21 वर्षांचा होता. तुम्ही या देशात नोकरीला लागलात तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत काय केलंत? प्रिंटर कुठे आहे ते शोधलंत. तेही तिसऱ्या दिवशी कुणी दाखवला म्हणून. तुमच्या अंगावर दीड-दीडशे किलोची माणसं धावून येत नव्हती. चुकलो, एवढं म्हणायला काय जातं? मीही सप्टेंबरात तुमच्या मेसेजला अंगठा दाखवला होता, ती लाज मला अजून आहे. तुम्हाला तेवढीही नाही.

या शनिवारी पुन्हा बाल्टिमोरच आहे. हरलो तर तुम्ही काय लिहिणार ते मला पाठ आहे. सामना तुमच्या घरी बघा.