कृपया वैध नाव टाका

वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म दिसायला अगदी गरीब असतो. नाव, ईमेल, फोन, संदेश आणि खाली 'पाठवा' असं एक बटण. साइट बनवून घेणारा माणूस पहिल्या पानावरच्या फोटोसाठी आठवडे घालवतो, निळ्याच्या छटांवरून भांडतो आणि फॉर्मची वेळ आली की म्हणतो, "तो काय, टाकून द्या." मी अशा साइट बनवून पोट भरतो. बाकीची सगळी साइट मिळून देत नाही एवढा ताप हे चार रकाने देतात.

ताप सुरू होतो साइट चालू झाल्यावर. साहेबांचा फोन येतो. (साहेब म्हणजे ज्यांची साइट ते. प्रत्येक साइटला एक असतातच.) "अहो, फॉर्ममधून काहीही यायला लागलंय. एकाने नाव 'कखगघ' लिहिलंय, ईमेलच्या जागी नुसतं टिंब. तुम्ही व्हॅलिडेशन लावलं नाहीत का?" व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेलं बरोबर आहे का याची तपासणी, हा शब्द साहेबांना त्यांच्या पुतण्याने पुरवलेला असतो. पुतण्या कॉलेजात आहे आणि त्याला सगळं येतं.

पुतण्याचं म्हणणं असं, की नावात अक्षरंच असतात, आकडे-चिन्हं नसतात, तेवढं बघा. ऐकायला बिनतोड. पण अक्षरं म्हणजे इंग्रजी ए ते झेड धरली, तर देवनागरीत नाव लिहिणारा पहिल्याच अक्षराला बाद. बरं, जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं चालवू म्हटलं, तर तीही सोय आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरलेला आहे आणि 'अक्षर' हाही त्यातला एक वर्ग. फक्त त्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांपैकी कुणीही अक्षर नाही. ही सगळी मंडळी 'मार्क' नावाच्या निराळ्या वर्गात बसवलेली आहेत. त्यामुळे 'फक्त अक्षरे' म्हणणाऱ्या फॉर्ममधून रमण जातो, मदन जातो, कमल जाते. मृणालिनी दारातच अडकते. अनघ चालतो, अनघा चालत नाही. तिला काना नडतो. वर लाल रंगात सूचना: 'कृपया वैध नाव टाका.' बिचारी अनघा जन्मापासून तेच नाव लावते आहे, आता या वयात दुसरं कुठून आणणार?

आणि ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो कखगघ? तो बिनबोभाट आत. त्याच्या नावाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.

नियमात मार्कांचा वर्ग जोडला की मृणालिनी सुटते. पण तिच्यामागे नावात अपॉस्ट्रॉफी असलेले ओब्रायन उभे असतात, आडनावात जोडरेघ असलेल्या बाई असतात, आणि आडनावच न लावणारे एक गृहस्थ असतात ज्यांना फॉर्म 'आडनाव आवश्यक आहे' असं पुन्हा पुन्हा बजावत असतो. मी हे सगळं साहेबांना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आपल्याकडे ही मृणालिनी कोण?"

लांबीचा घोळ वेगळाच. 'स्त्री' हे तुम्हाआम्हाला एक अक्षर दिसतं. यंत्र त्यात सहा मोजतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट (बाइट हे साठवणीचं माप), म्हणजे एका स्त्रीला १८ बाइट. कुणी संदेशाची मर्यादा ५०० बाइटांवर बांधली असेल, तर इंग्रजीत तक्रार करणाऱ्याची ५०० चिन्हं मावतात आणि मराठीत करणाऱ्याची १६६. मराठी माणूस तोवर विषयावरही आलेला नसतो.

ईमेलचं तर विचारूच नका. ईमेल तपासण्याचं रेजेक्स, म्हणजे मजकुराचा साचा सांगणारं चिन्हांचं सूत्र, प्रत्येकाकडे असतं, कुठून तरी उतरवून घेतलेलं. ते काय तपासतं हे कुणालाच वाचता येत नाही, म्हणूनच ते कुणी बदलत नाही. प्रमाणकांप्रमाणे @च्या आधी ६४ चिन्हांपर्यंत जागा आहे, अख्खा पत्ता २५४पर्यंत जाऊ शकतो, आणि त्यात अधिकचं चिन्ह (+) चालतं, अपॉस्ट्रॉफी चालते, अगदी उद्गारचिन्हसुद्धा चालतं. पण उतरवलेल्या रेजेक्सला अधिकचं चिन्ह दिसलं की ते खवळतं. काही रेजेक्सच्या मते पत्त्याची शेपटी, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरचा '.कॉम'सारखा भाग, दोन ते चार अक्षरांचीच हवी. २००१मध्ये '.म्यूझियम' ही शेपटी आली. इंग्रजीत तिची अक्षरं सहा. तेव्हापासून एखादा संग्रहालयवाला कुठे ना कुठे 'अवैध' ठरतोच आहे. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचं प्रमाणक लिहिणाऱ्यांनी तर ईमेलच्या रकान्यासाठी मूळ व्याख्या बाजूला ठेवून आपला सुटसुटीत नियम केला आणि हा जाणूनबुजून केलेला नियमभंग आहे असं तिथेच लिहून ठेवलं. एवढा प्रामाणिक वैताग मी दुसऱ्या कुठल्या तांत्रिक कागदात वाचलेला नाही.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? 'नको@नको.कॉम' हा पत्ता ठणठणीत वैध असतो. पत्त्याला आकार आहे एवढंच फॉर्म सांगू शकतो. पलीकडे माणूस आहे का, हे तिथे मेल पाठवल्याशिवाय कळत नाही.

फोन नंबरात लोक मधे मधे जागा सोडतात, कारण सलग आकडे माणसाला नीट वाचता येत नाहीत. ती जागा गाळणं यंत्राला एका ओळीचं काम. पण नाही. 'नंबरात मोकळी जागा नको' म्हणून ते माणसावर ओरडतं आणि माणूस आकडा आकडा मोजत ती पुसत बसतो. इंटरनेटवर संगणक एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्या टीसीपीच्या १९८०च्या प्रमाणकात इंटरनेटच्या घडणीतले जॉन पोस्टेल यांनी तत्त्व घालून दिलं होतं, की आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं घेताना उदार व्हावं. आमच्या फॉर्मांनी त्याचा फक्त पूर्वार्ध वाचला, तोही समोरच्याने पाळायचा म्हणून. देवनागरी आकड्यांत नंबर लिहिला तर आणखी बहार. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणते, हे आकडेच नव्हेत. साइट जिथून चालते त्या सर्व्हरवरची पायथन ही दुसरी भाषा म्हणते, आहेत की, येऊ द्या. दोघांची गाठ पडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या साइटवर गेलेलं असतं.

आणि हा सगळा बंदोबस्त ज्यांच्यासाठी, ते बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, या दारातून येतच नाहीत. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे 'आत येऊ नये' अशी पाटी. सभ्य माणसं ती वाचून थांबतात. बॉट पान उघडत नाही, लाल अक्षरं वाचत नाही, थेट सर्व्हरला मजकूर पाठवतो. त्यातला जुना, नामी प्रकार ऐकण्यासारखा आहे. मेलच्या डोक्यावर 'कुणाकडून', 'विषय' अशा ओळी असतात आणि एक ओळ संपली हे फक्त ओळ मोडल्यावरून कळतं. विषयाच्या रकान्यात माणसाला ओळ मोडता येत नाही, बॉटला येते. तो विषय लिहितो, ओळ मोडतो आणि खाली गुपचूप 'बीसीसी' (इतरांना न दिसता प्रत पाठवायची ओळ) म्हणून भलत्याच लोकांचे पत्ते जोडून देतो. सर्व्हरने हे तपासलं नाही, तर साहेबांचा साधा फॉर्म साहेबांच्याच नावाने गावभर औषधांच्या जाहिराती वाटू लागतो. मग त्यांचा सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि त्यांची खरी पत्रंही लोकांच्या स्पॅममध्ये पडतात. खरी तपासणी हवी ती इथे. पण ती दिसत नाही, तिला लाल रंग नाही, म्हणून तिच्याबद्दल साहेबांचा फोन कधीच येत नाही.

फोन आला तो पुतण्याच्या नव्या उपायाबद्दल. त्याने परस्पर फॉर्ममध्ये हनीपॉट लावला होता: माणसाला न दिसणारा एक रकाना, बॉट तो भरतो आणि पकडला जातो. युक्ती चांगलीच आहे, मीही वापरतो. पण पुतण्याने त्या लपलेल्या रकान्याला 'कंपनी' असं नाव दिलं. ज्यांनी ब्राउझरमध्ये आपली माहिती साठवून ठेवलेली असते, त्यांचा ऑटोफिल न दिसणारा तो रकानाही इमानदारीने भरून टाकतो. बॉटला सुगावा लागू नये म्हणून फॉर्म अशांना 'धन्यवाद! लवकरच आपल्याशी संपर्क साधू' असं म्हणतो आणि संदेश कचऱ्यात टाकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर आभारप्रदर्शन.

"बघा," साहेब खुशीत होते, "कचरा एकदम बंद झाला. पोरगं हुशार आहे."

मी विचारलं, "आणि चौकश्या?"

"त्या नाहीत फारशा. सध्या बाजारातच मंदी आहे हो."