म्हणे दहाच मिनिटं!

समोरून येणाऱ्याला विचारा, "धबधबा किती लांब?" उत्तर ठरलेलं: "आलाच, दहा मिनिटं!" अहो, कुणाची दहा मिनिटं? तुम्ही उतरताय, आम्ही धापा टाकत चढतोय! नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच हिशेब मांडलाय: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. त्यात शेवाळलेले दगड आणि दर वळणावर फोटोसाठी थांबणारी आमची मंडळी (मीही त्यातलाच) धरलेली नाहीत. बरं, वाट गोल. अर्ध्यावर कंटाळून परत फिरलं तरी चाल तेवढीच! आणि तो धबधबा? अर्धा तास नुसता आवाज देतोय. तोही त्यांनाच सामील!