शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर गिअर जड झाला: एक स्टारच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: आम्ही तुमच्या पोलोला शॉर्ट शिफ्टर (गिअरच्या दांड्याचा प्रवास कमी करणारा पार्ट) बसवला, ‘गिअर लोण्यासारखा पडेल’ असं सांगितलं, आणि प्रत्यक्षात गिअर जड झाला. सकाळी दुसरा गिअर ओढून घालावा लागतो. वडिलांनी गाडी चालवणंच सोडलं. केबिनमध्ये घरघर येते. मध्यंतरी दुसरीकडे बॅटरी बदलली, आणि गेला महिनाभर रिव्हर्स अडतोय. मजुरी पार्टच्या किमतीहून जास्त. आणि शेवटी, ‘यांना गाडीतलं काही कळत नाही’. या शेवटच्या वाक्यावर मी काही बोलत नाही. बाकीच्यांवर बोलतो, आणि जरा सविस्तर बोलतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण याच कामाची चौकशी करायला फोन करतात.

गिअर जड झाला हे खरं आहे. तो जड होणारच होता.

तुमची गाडी 1.0 टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअरची मॅन्युअल. हिच्यात गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे ओढते, दुसरी डावी-उजवीकडची लाइन निवडते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर, गिअर निवडणाऱ्या शाफ्टला एक छोटा लिव्हर आहे, पुढे-मागेवाली केबल त्याच्या टोकाला अडकते. तुम्ही आणलेला शॉर्ट शिफ्टर म्हणजे त्या जागी बसणारा दुसरा लिव्हर. त्यात केबल अडकवायची भोकं शाफ्टच्या जास्त जवळ असतात. गिअरबॉक्सच्या आत काहीच बदलत नाही. आतली स्लीव्ह (गिअर गुंतवणारी सरकती कडी) पूर्वीइतकीच सरकते आणि तिला सरकवायला पूर्वीइतकाच जोर लागतो. फक्त तो जोर आता कमी अंतरात लावायचा असतो. अडकित्त्यात सुपारी सांध्यापाशी न धरता मुठीकडे सरकवून पाहा, मूठ थोडीच मिटावी लागते पण दाबताना घाम निघतो.

आकड्यांत सांगतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना दांड्यावरचा नॉब समजा 10 सेंटिमीटर फिरत होता. 30 टक्के कमी केला की 7 सेंटिमीटर. मग जोर 10 भागिले 7, म्हणजे साधारण 43 टक्के जास्त. 20 टक्केच कमी केला असता तर जोर 25 टक्क्यांनी वाढला असता. आणि 40 टक्के कमी केला तर थेट 67 टक्क्यांनी. म्हणजे शेवटच्या भोकाकडे सरकाल तसं अंतर तेवढंच वाचतं, पण जोराचा भाव चढत जातो. शॉर्ट शिफ्टरच्या किटच्या जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो, दुसरा कुठेच नसतो. ‘लोण्यासारखा’ हेसुद्धा त्याच जाहिरातीतलं आहे, आमच्याकडचं नाही. काम हातात घ्यायच्या आधी हा हिशोब तुम्हाला कागदावर काढून दाखवला होता. तुम्हाला 40 टक्क्यांचं भोक हवं होतं, आम्ही 30 वर थांबलो. जॉबकार्डवर तसं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाची तक्रार वेगळी होती, ती रिव्ह्यूमध्ये आलेली नाही. ‘दांडा ढिला वाटतो, गिअर नेमका कुठे बसला ते हाताला कळत नाही.’ या तक्रारीचा आणि दांड्याच्या अंतराचा संबंध फार थोडा. बरीच चाललेल्या गाडीत केबलच्या टोकांचे आणि ब्रॅकेटचे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) झिजतात, केबलचं सेटिंग थोडं सरकतं, ऑइल जुनं होतं. त्या दिवशी मी म्हटलं होतं की आधी बुश, सेटिंग आणि ऑइल करू, महिनाभर चालवा, मग वाटलं तर किट बसवू. तुम्ही किट घेऊनच आला होतात, खोका गाडीतच होता. गिऱ्हाईक खोका घेऊन आलं की आमचं अर्धं बोलणं वाया जातं, हा धंद्यातला नेहमीचा अनुभव.

आता सकाळचा दुसरा गिअर. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जोर लावून चालत नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आतल्या दोन फिरत्या भागांचा वेग जुळावा लागतो. ते काम सिंक्रो रिंग करते. ती समोरच्या शंकूसारख्या भागावर घासते, वेग जुळवते आणि मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. याला क्षणभर वेळ लागतो. गिअरबॉक्स थंड असेल तर ऑइल घट्ट असतं, रिंग आणि शंकू यांच्यामधून ते पटकन बाजूला होत नाही, म्हणून तो क्षण लांबतो. दांड्याचा प्रवास लांब होता तेव्हा हा उशीर हाताच्या प्रवासात मुरून जायचा, तुम्हाला जाणवतच नव्हता. आता हात लवकर पोचतो आणि रिंगच्या दारात उभा राहतो. तुम्हाला वाटतं गिअर जात नाही, म्हणून तुम्ही ढकलता. असं रोज ढकललं तर एक दिवस रिंग खरंच जाईल, आणि तो खर्च शॉर्ट शिफ्टरच्या कितीतरी पट असतो. थंडीत पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा टाकताना न्यूट्रलवर क्षणभर थांबा, मग हलकेच दाबून धरा. तो स्वतःहून आत जातो.

जाता जाता ऑइलचं. तुम्ही आणलेला ‘रेसिंग’ लिहिलेला डबा आम्ही ओतला नाही म्हणून तुम्ही नाराज झाला होतात. त्यावर जीएल-5 (गिअर ऑइलचा एक वर्ग) लिहिलं होतं. ते हायपॉइड डिफरन्शियलसाठीचं, म्हणजे चाकांकडे ताकद वळवणाऱ्या, फार दाब सोसणाऱ्या दातांसाठीचं. त्यात प्रेशर सोसण्यासाठीचं गंधक-फॉस्फरसचं मिश्रण अशा गिअरबॉक्सला चालणाऱ्या जीएल-4 च्या साधारण दुप्पट असतं. पितळेच्या भागांना ते मानवत नाही, शिवाय सिंक्रोला घसरण नको, पकड हवी. महाग डबा म्हणजे चांगलं ऑइल, हे समीकरण गिअरबॉक्सला लागू नाही. डबा डिकीत तसाच ठेवला होता.

वडिलांबद्दल. हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण सर, ही गाडी घरात दोघं चालवतात हे आम्हाला रिव्ह्यूमधूनच कळलं. ट्रायलला तुम्ही एकटे आला होतात, चांदणी चौकाच्या चढावर दोनदा गिअर टाकून ‘मस्त, अजून शॉर्ट करता येईल का’ असं विचारलं होतंत. तुमच्या हाताला जे मस्त वाटतं ते खांदा दुखणाऱ्या माणसाला ट्रॅफिकमध्ये शिक्षा होते. कोथरूड ते स्वारगेट संध्याकाळी सहा वाजता किती वेळा पहिला-दुसरा करावा लागतो ते आपल्याला ठाऊक आहे. कंपनीने दांड्याचा प्रवास लांब ठेवला तो याच साठी. अंतर जास्त, पण कुणाच्याही हाताला झेपेल असा. तो काही त्यांचा आळस नाही.

घरघरीचं निदान फोनवरसुद्धा होतं. आवाज येत असताना नॉबवर हलकी बोटं टेकवा. आवाज थांबला तर तो दांड्यातून येतोय: तुमच्या किटमध्ये रबराच्या जागी धातूचे बुश होते, इंजिनचं जे कंपन रबर गिळायचं ते आता केबलवरून वर येतं. नॉब धरूनही आवाज चालूच राहिला तर तो दांड्याभोवतीच्या कन्सोलच्या प्लास्टिकचा किंवा आणखी कशाचा असेल, तो शोधावा लागेल. धातूच्या बुशने गिअर नेमका कळतो, हे त्याचं चांगलं अंग. कंपन हे त्याच पार्टचं दुसरं अंग. एक घेऊन दुसरं दुकानात ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला धातूचे बुश घालूच नयेत. कडक प्लास्टिकचे मिळतात, ते पुरेसे आहेत.

रिव्हर्सची गोष्ट मात्र निराळी, आणि ती मला बघायची आहे. किट बसवल्यावर पहिले दोन महिने रिव्हर्स व्यवस्थित होता, असं तुम्हीच लिहिलंय. बॅटरी बदलली आणि मग अडायला लागला. या गाडीत बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढला की खाली या दोन्ही केबलची टोकं येतात. तिथे हात घालताना, ट्रे उचकटताना एखादं लॉक सरकू शकतं. डावी-उजवीकडची केबल दोन-तीन मिलिमीटर जरी हलली तरी मधले तिसरा-चौथा ठीक पडतात आणि एका कडेची लाइन अडते. एक तर डावीकडचा रिव्हर्स, नाही तर उजवीकडचे पाचवा-सहावा. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. न बघता कुणावर ठपका ठेवणार नाही. तोवर रिव्हर्स जोराने मारू नका. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, नॉब खाली दाबा आणि मग डावीकडे पुढे न्या.

मजुरीबद्दल. पार्ट हातात धरला तर मूठभर आहे, म्हणून मजुरी जास्त वाटते. पैसे पार्ट फिरवण्याचे नसून सेटिंगचे आहेत. दोन्ही केबलचे लॉक उघडायचे, शाफ्ट न्यूट्रलमध्ये खाली दाबून त्याच्याच लॉकिंग लिव्हरने अडकवायचा, आत कन्सोल उघडून दांडा पिन घालून सरळ धरायचा, मग केबलचे लॉक सोडायचे म्हणजे ते स्प्रिंगने आपल्या जागी बसतात. पिन न लावता नजरेने सेटिंग करणारे आहेत, ते तासाभरात गाडी देतात आणि पैसेही कमी घेतात. ती गाडी पहिल्या चौकापर्यंत छान चालते. आम्ही गाडी थंड असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून बघतो. त्यात अर्धा दिवस जातो, तो बिलात दिसणारच.

पुढे काय करायचं ते तुमच्यावर आहे. केबलचं सेटिंग आम्ही पैसे न घेता तपासून, लागलं तर पुन्हा करून देऊ, रिव्हर्ससकट. किट ठेवायचं असेल तर केबल 20 टक्क्यांच्या भोकात आणू, जोर बराच उतरेल, आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी हेच बरं. त्याचेही वेगळे पैसे नाहीत, सेटिंग करतानाच होतं. सगळं जुनं परत हवं असेल तर कंपनीचा लिव्हर, त्यावरचं वजन आणि रबरी बुश आम्ही पिशवीत घालून डिकीत स्टेपनीशेजारी ठेवले होते. ते फेकले नसतील तर बसवून देऊ. त्याची मात्र मजुरी लागेल, कारण काम पहिल्याइतकंच आहे. आणि रबरी बुश झिजलेले होते, ते नवे घ्यावे लागतील.

येताना वडिलांना घेऊन या. ट्रायल त्यांनी घ्यायची, तुम्ही मागे बसायचं. गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा, कारण तापलेल्या गिअरबॉक्सवर सकाळची तक्रार दिसत नाही. गुरुवारी गॅरेज बंद असतं. नंबर जॉबकार्डवर आहेच.